साडूंचा वाईस

आमच्या थोरल्या साडूंइतकं मन लावून रागावणारं माणूस सबंध बुलढाणा जिल्ह्यात दुसरं झालं नाही. इतरांना राग येतो आणि जातो. साडूंना तो सकाळी दात घासताना यायचा आणि दुपारी जेवून हात धुतले तरी मुक्कामाला असायचा. माणसांशी त्यांचं फारसं भांडण नव्हतं, कारण माणसं त्यांना मुळात दिसतच नसत. त्यांना दिसायचं ते वाकडं दार, डुगडुगता पाट, तिरका खांब. माझ्या लग्नात मंगलाष्टकं ऐन रंगात आली असताना त्यांनी भटजींना हात करून थांबवलं. सगळ्यांना वाटलं, मुहूर्त चुकला. साडू अंतरपाट धरणाऱ्या माझ्या काकांवर ओरडले, "वर घ्या ना हो तुमची बाजू! चार बोटं खाली हाये, दिसत नाई का?" काकांनी बाजू वर घेतली. साडूंनी एक डोळा मिटून पाहिलं, "हाव, आता होऊ द्या" म्हणाले, आणि माझं लग्न लागलं. आमच्या दोघांच्या बायका सख्ख्या बहिणी, एवढंच आमचं नातं. पण त्या दिवसापासून त्यांनी मला जे ताब्यात घेतलं ते घेतलंच.

मी धामणगाव बढ्याच्या शाळेत मास्तर होतो आणि साडूंचं वर्कशॉप तिथेच, मोटार थांबते त्या वडापासून हाकेच्या अंतरावर होतं. घराणं भाजीपाल्याचं. भाऊ वांगी-मिरच्या करत. हे मात्र पोरवयात खामगावच्या एका जिनिंगच्या कारखान्यात जाऊन लेथ, म्हणजे लोखंड कातायचं यंत्र, शिकून आले होते. नवं राज्य होऊन चार-सहा वर्षं झाली होती, विहिरीविहिरीवर ऑइल इंजिनं बसत होती, आणि बसली की महिन्याभरात बिघडत होती. त्यामुळे साडूंना कामाला तोटा नव्हता आणि रागालाही. कुणी शाफ्टावर हातोडा मारून आणला की साडू तो शाफ्ट हातात घेऊन त्या शेतकऱ्याला अर्धा तास असे काही बोलायचे की वाटावं, याने पोटच्या लेकराला मारलं आहे. शेतकरी मान खाली घालून ऐकायचे, कारण काम साडूच नीट करून देत. एकदा आमच्या शाळेत साहेब तपासणीला आले असताना साडू थेट वर्गात शिरले, स्टूल ओढलं आणि व्हरांड्यातली घंटा काढून पुन्हा टांगू लागले. घंटा म्हणजे रुळाचा तुकडाच. तो कितीतरी दिवस तिरका लोंबत होता आणि येता-जाता त्यांच्या डोळ्यांत खुपत होता. हा कुणी खात्याचा वरचा माणूस असावा असं समजून साहेब उठून उभे राहिले. मला त्या दिवशी राजीनामा द्यावासा वाटला.

एका शब्दावर मात्र त्यांचा खास राग होता. तो शब्द म्हणजे 'चालते'. अख्खं वऱ्हाड या शब्दावर उभं आहे. भाजीत मीठ कमी आहे, चालते. बस दोन तास उशिरा आली, चालते. नवरदेव थोडा बुटका आहे, चालते. साडूंच्या कानावर हा शब्द पडला की त्यांची मान लाल व्हायची. त्यांनी माझ्याकडून एक पाटी रंगवून घेतली: 'येथे चालते म्हणू नये.' मी अक्षरं बरी काढली होती. त्यांनी पट्टी लावून पाहिली, 'ये'पेक्षा 'नये' जाड आहे म्हणाले, आणि ती पुन्हा रंगवायला लावली. मी मुकाट्याने रंगवली. साडूंपुढे मी नेहमीच मुकाट्याने वागत आलो, आणि माझ्या मनात त्यांच्याविषयी जो राग साठत गेला तो अशा लहान लहान मुकाट्यांतूनच.

मग मिलिंग मशीन आलं. जळगावकडचं एक वर्कशॉप बंद पडलं, तिथून साडूंनी ते उचललं आणि मलकापूर स्टेशनातून बैलगाडीने घरी आणलं. गावात वीज नुकतीच आली होती. मशीन लहानसंच, टेबल तर आपल्या शिलाई मशीनच्या फळीएवढं. पण पंपाच्या शाफ्टात चावी बसवायची जी खाच साडू छिन्नीने तासन् तास ठोकत बसायचे, ती या मशीनवर पाऊण तासात झाली असती. सगळा गाव बघायला आला. ताईंनी, म्हणजे माझ्या मोठ्या मेहुणीने, मशीनला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. आणि तेव्हा साडूंनी जाहीर केलं की मशीन चालू होणार नाही, कारण त्याला वाईस नाही.

वाईस म्हणजे लोखंडी पकड. दोन जबडे असतात. एक पक्का, एक सरकता. मधे काम ठेवायचं, दांडा फिरवून आवळायचं, म्हणजे वरून कटर कितीही जोरात फिरला तरी काम हलत नाही. माझ्या समजुतीप्रमाणे बाजारात जायचं, एक वाईस घ्यायचा आणि परत यायचं, एवढाच हा विषय होता. तो विषय आठ महिने चालला.

पहिली खेप खामगावची. मला रविवारी पहाटे उठवून साडू म्हणाले, "मास्तर, चला. आन् रस्त्यानं एक सिगरेटचं पाकीट घ्या." साडू सुपारीचं खांड तोंडात धरत नसत, मग सिगरेट कशाला? "कागद पाह्यजे मले त्यातला. म्या घेतली तं गाव बोलंल. तुमी मास्तर हा, तुमच्यावर कोनी शक घेत नाई." मी घेतली. दुकानदाराने वाईस पुढे ठेवला. साडूंनी सिगरेट फोडून तंबाखू झटकली आणि कागदाच्या दोन पट्ट्या वाईसच्या तळाशी ठेवल्या. त्यांवर घरून आणलेली लोखंडाची पाटी ठेवून त्यांनी दांडा आवळला. मग एक पट्टी चिमटीत धरून ओढली. ती अलगद निघून आली. "पाह्यलं?" ते माझ्यावर ओरडले, जणू वाईस मीच ओतला होता. "आवळला का सरकता जबडा वर उठते. संगं काम उचलते. दिसाले घट्ट, खाली हवा! आन् हा तं भोकं पाडाच्या मशीनचा वाईस हाये. बाजूनं कटर लागला तं काम फेकून देईल." दुकानदार जांभई देत म्हणाला, "चालते हो भाऊ, सारे हाच नेतात." पुढचं सांगत नाही. ते दुकान आमच्यासाठी कायमचं बंद झालं.

जळगावात दोन हमालांनी मिळून एक वाईस बाहेर आणला. सहा इंची जबडा, खाली फिरती चकती, केवढं तरी धूड. "याच्यावर मशीन बसवाची का मशीनवर हे?" साडू म्हणाले. "आन् ही चकती कायले? उंची खाते आन् जोर बी खाते. मले गरगर फिरवाचं नाई, सरळ धराचं हाये." अकोल्यातला वाईस मात्र दिसायला देखणा होता: चार इंची, हिरवागार रंग, बुडाशी चकती नाही. कागदही जेमतेम सुटला. मी मनात हुश्श केलं. तेवढ्यात साडूंनी नखाने रंग खरवडला. बिडात, म्हणजे ओतीव लोखंडात, पोकळी राहिली होती, ती लुकण भरून बुजवली होती आणि वर हिरवा रंग फासला होता. साडू तो वाईस दोन्ही हातांत धरून भर रस्त्यावर आले आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना दाखवू लागले. "पाहा! आतून पोकळ! वरून नवरीसारखा!" टांगेवाले थांबले. दुकानमालक धोतर सावरत मागे धावला. मी रस्त्याच्या पलीकडे जाऊन, हा गृहस्थ माझा कुणी नाही असा चेहरा करून उभा राहिलो. अशा सहा-सात खेपा झाल्या. माझ्या रविवारांचं वाटोळं झालं ते झालंच, पण एकदा शाळेत माझ्या कोटाच्या खिशातून सिगरेटचं पाकीट पडलं आणि हेडमास्तरांनी मला बोलावून, "शिक्षकाने व्यसन करावं का?" या विषयावर वीस मिनिटं ऐकवलं. 'मी फक्त कागद काढतो' हे माझं उत्तर त्यांना जास्तच संशयास्पद वाटलं.

अकोल्याहून परत येताना बसमध्ये माझा बांध फुटला. इकडे शेतकरी शाफ्ट घेऊन खेटे घालत होते, मोताळ्याच्या दुसऱ्या वर्कशॉपकडे वळत होते, ताई काळजीने वाळत चालल्या होत्या, आणि हा माणूस कागदाचे कपटे ओढत बसला होता. मी म्हणालो, "अहो, जगात सगळे लोक जो वाईस वापरतात तो तुम्हालाच का चालत नाही? थोडा उचलला तर उचलला! चालतं!"

मला वाटलं, आता हा माणूस फुटणार. पण साडूंनी पिशवी उचलून मांडीवर घेतली. त्यांचा चेहरा पांढरा पडला. नांदुऱ्याला गाडी थांबली तसे ते पिशवी घेऊन उतरले आणि मागे न बघता चालू लागले. मी खिडकीतून हाका मारल्या. मग मलाही राग आला. राहा म्हटलं नांदुऱ्यात. महिनाभर आम्ही एकमेकांचं तोंड पाहिलं नाही. ते माझ्या शाळेवरून मान वळवून जात, आणि मी त्यांच्या वर्कशॉपवरून छत्री आडवी धरून.

शेवटी ताईच घरी आल्या. त्या कधी आवाज चढवून बोलल्याचं मला आठवत नाही. त्या दिवशी दारातूनच म्हणाल्या, "तुमी त्यायले 'चालते' म्हनलं?"

मी हो म्हणालो.

"मले लग्नाच्या सा वर्सानं सांगतलं त्यायनं, म्हनून तुमाले ठाव नसन. आता आयका." आणि उंबरठ्यावर बसून त्यांनी सांगितलं. खामगावच्या कारखान्यात साडूंना काम शिकवणारे उस्ताद रोहिणखेडचे होते. तिथला वाईस झिजलेला होता. आवळला की काम वर उठायचं. साडू तेव्हा एकोणीस वर्षांचे. त्यांनी फोरमनला सांगितलं. फोरमन म्हणाला, "चालते, शिझन हाये, आवळ." साडूंनी आवळला. उस्ताद वाकून पाहत असताना कटरने काम उचललं, तुकडा उडाला आणि उस्तादांचा डावा डोळा गेला. पुढे चौकशी झाली. वाईसचा त्यात उल्लेखही नव्हता. उस्तादांच्याच हलगर्जीने अपघात झाला असा कागद तयार झाला, आणि साक्षीदार म्हणून साडूंना त्यावर सही करायला लावली. "त्यायनं केली," ताई म्हणाल्या. "उस्तादाले काढून टाकलं. मालकाचा, फोरमनचा कोनाचा बाल वाकडा झाला नाई. आन् हे बारा वर्सं झाले, रोहिणखेडच्या फाट्यावर गाडी थांबली का खाली मान घालून बसतात. साऱ्या दुनियेवर चिडतात. ज्याच्यावर चिडाले पाह्यजे थो तं घरातच हाये ना! आता तुमीच काई करा, मास्तर. माह्यानं होत नाई."

त्या कागदाचा मला एवढा संताप आला, की पुढच्या रविवारी कुणी न बोलावता मी रोहिणखेडला गेलो. जुन्या मशिदीच्या मागे उस्तादांचं घर सापडलं. सडसडीत म्हातारा, चष्म्याची एक काच काळी. अंगणात बसून कुणाचा तरी स्टोव्ह दुरुस्त करत होते. मी साडूंचं नाव घेतलं तसे त्यांचे हात थांबले. मी सगळं सांगितलं, कागदाच्या पट्ट्यांपासून आठ महिन्यांपर्यंत. त्यांनी ऐकून घेतलं, स्टोव्हच्या पिना गोळा करून डबीत ठेवल्या आणि विचारलं, "उद्या बाजार हाये ना तुमच्याकडे? येतो मी."

दुसऱ्या दिवशी दुपारी ते आले आणि मधल्या सुट्टीत मी त्यांच्यामागोमाग वर्कशॉपवर गेलो. साडू लेथवर होते. दारात कोण उभं आहे हे दिसताच त्यांनी लेथ बंद केला आणि तेलकट हात पोटाशी धरून उभे राहिले. उस्ताद सावकाश आत आले, आधी मिलिंग मशीनकडे गेले, टेबलावर तळहात फिरवला, आणि मग वळून साडूंच्या पाठीत असा धपाटा घातला की मीच दचकलो.

"सहीचा राग नाई मले," उस्ताद म्हणाले. "त्वा सही केली नसती तं तुले बी काढलं असतं. दोन घरच्या चुली बंद झाल्या असत्या. थ्या दिवशी रात्रीच म्या बायकोले सांगतलं, पोराचा कसूर नाई. पन बारा साल! तुह्या गाडीच्या रस्त्यावर माह्यं गाव हाये. बारा साल तू एक डाव उतरला नाई. काऊन बे? डोया माह्या गेला होता का तुह्या?"

साडूंची एवढी मोठी तोंडाची तोफ, पण तिच्यातून "उस्ताद" एवढाच शब्द निघाला, तोही अर्धा. ताई मागच्या दारात पदर तोंडाला लावून उभ्या होत्या. मी बाहेर जाऊन उगाच वडाकडे पाहत राहिलो.

त्याच आठवड्यात आम्ही तिघं खामगावला गेलो. कायमचं बंद झालेलं ते दुकान उस्तादांच्या ओळखीचं निघालं. त्यांनी मागच्या फळीवरून एक वाईस उतरवून घेतला. चार इंची, बिनचकतीचा, रंग यथातथाच. त्यांनी डोळ्यांनी जेवढं पाहिलं त्यापेक्षा बोटांनी जास्त पाहिलं. पक्क्या जबड्याला काटकोन पाहायचा गुण्या लावला, दांडा फिरवून फट चाचपली, बुडावर टिचकी मारून आवाज ऐकला. "हा घे," ते म्हणाले. साडूंनी मुकाट्याने माझ्यापुढे हात केला. मी सिगरेट काढून दिली. पट्ट्या लागल्या, पाटी बसली, दांडा आवळला. साडूंनी पट्टी ओढली. ती निघून आली.

"उस्ताद, कागद निघाला."

"निघनारच."

"मंग?"

"मंग काय? लाकडी हातोडी घे. अर्धा आवळ. आता वरून ठोक. आणखीन आवळ. आता ओढ कागद."

साडूंनी ओढला. कागद अर्ध्यात फाटला, पण खालचा तुकडा जागचा हलला नाही.

"बिलकुल न उठनारा वाईस अजून कोनी बनवला नाई," उस्ताद म्हणाले. "थोडं तं उठतेच. आपून ठोकून बसवाचं, ओढून पाहाचं, मंग मशीन चालू कराची. रोज. कंटाया करून चालत नाई." आपल्या तोंडून कुठला शब्द गेला हे त्यांना कळलंही नाही. साडूंनी माझ्याकडे पाहिलं, मी साडूंकडे पाहिलं.

परतीच्या गाडीत साडूंनी तो वाईस गोणपाटात गुंडाळून मांडीवर घेतला होता. कंडक्टर म्हणाला, लोखंड टपावर टाका. साडूंनी त्याला असं काही झापलं की तो पुढच्या दारापाशी जाऊन उभा राहिला. रोहिणखेडचा फाटा आला तेव्हा उस्ताद साडूंच्या खांद्यावर मान टाकून झोपले होते. कंडक्टरने घंटी मारायला हात वर केला आणि साडू दबक्या आवाजात गुरगुरले, "वाजवू नको. आमच्या घरी येऊन राह्यले ते." ताईंनी त्या दिवशी वांग्याची भाजी आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी केल्या होत्या. दुसऱ्या दिवशी मशीन चालू झालं. पहिली खाच उस्तादांनी पाडली.

त्यानंतर दर बाजाराच्या दिवशी उस्ताद यायचे आणि मिलिंग मशीनशेजारच्या खोक्यावर बसायचे. साडूंना वाटेल ते बोलण्याचा हक्क जगात त्यांना एकट्याला होता. साडू चिडले की हे त्यांच्याहून चिडायचे. शेतकरी काम नसलं तरी ऐकायला येऊन बसत. ही जुगलबंदी दहा-अकरा वर्षं चालली. मग एका उन्हाळ्यात उस्ताद आजारी पडले आणि आठवड्याभरात गेले. साडू मातीला जाऊन आले, अंघोळ केली आणि वर्कशॉप उघडून बसले. बसू नका म्हणायची कुणाची छाती झाली नाही, म्हणून मीही जाऊन शेजारी बसलो.

दुपारी एक शेतकरी पंपाचा शाफ्ट घेऊन आला. शाफ्ट वाकलेला, त्यावर हातोड्याचे घाव, खाचेत कुणीतरी खिळा ठोकलेला. असं काम साडूंच्या दारात आजवर आलं नव्हतं. त्या बिचाऱ्यालाही ते माहीत असावं. तो मान खाली घालून, हात जोडून तयारीतच उभा राहिला. साडूंनी शाफ्ट हातात घेतला, दाराच्या उजेडाशी नेला, सावकाश फिरवून पाहिला आणि टेबलावर ठेवला.

"राहू द्या," ते म्हणाले. "करून देतो."

शेतकऱ्याने जोडलेले हात सोडले. मग माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "मास्तर, भाऊची तब्येत बरी हाये ना?" मी हाव म्हणालो. तो गेला तरी मी तिथून उठलो नाही. केव्हा ना केव्हा ते त्या खिळ्यावरून भडकतील, निदान एखादी शिवी तरी हासडतील, अशी वाट पाहत मी संध्याकाळपर्यंत बसून राहिलो.